पाणी किती याआधी पाणी कधी

१५ ऑक्टोबर ही तारीख मराठवाड्याच्या शेतीत दोनदा येते. रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान पेरावी, अशी शिफारस आहे. त्याआधी पेरली तर खोडमाशी, त्यानंतर पेरली तर जमिनीतली ओल उतरलेली. आणि त्याच १५ ऑक्टोबरला गोदावरीच्या पाणीवाटपाचा हिशेब मांडायचा, असा नियम आहे. त्या दिवशी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. म्हणजे शेतकऱ्याने तिफण उचलून ठेवली की मग सरकार पाणी मोजायला बसतं. पुढे बैठका, आदेश, विरोध, कोर्ट. कालव्याला पाणी कधी येणार, किती पाळ्या (कालव्याच्या पाण्याच्या फेऱ्या) मिळणार, हे गावात कळतं तेव्हा पीक गुडघ्याएवढं झालेलं असतं.

नदीचं पाणी आणि शेतकऱ्याची गरज यांचा मेळ घालायच्या चर्चेत टीएमसीचे, म्हणजे अब्ज घनफुटांचे, आकडे भरपूर असतात. तारखा फार कमी असतात. माझ्या मते खरी अडचण तिथे आहे, आणि तिच्यामागे राजकारणाइतकंच विज्ञानही आहे.

टक्के नेमके कशाचे

पैठणचं जायकवाडी धरण, म्हणजे नाथसागर. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १०२ टीएमसी. त्यातले सुमारे ७६ टीएमसी उपयुक्त आणि २६ टीएमसी मृत साठा. पेपरात रोज येणारी टक्केवारी ही फक्त उपयुक्त साठ्याची असते. ‘जायकवाडी शून्य टक्के’ अशी बातमी येते तेव्हा धरणात २६ टीएमसी पाणी असतंच. फक्त ते दरवाज्याच्या आणि कालव्याच्या तोंडाच्या खाली असतं. दुष्काळात छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याची तहान त्याच तळातल्या पाण्यावर, पंप लावून, भागवली जाते.

एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी. कल्पनेत बसायला हवं असेल तर असं पाहा: ११,५७४ क्युसेकने, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, नदी पूर्ण एक दिवस वाहिली की एक टीएमसी होतं. वरच्या नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून अमुक क्युसेकचा विसर्ग सुरू, अशी बातमी वाचली की या आकड्याने भागायचं. दिवसाला किती टीएमसी येतंय ते लगेच समजतं. पावसाळ्यात आमच्याकडे हा हिशेब चहाच्या टपरीवर तोंडी होतो आणि बहुतेक वेळा बरोबर निघतो.

६५ टक्क्यांचा नियम आला कुठून? महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. त्याच्या १२व्या कलमात म्हटलं आहे, की एकाच खोऱ्यातल्या किंवा उपखोऱ्यातल्या धरणांनी तुटीच्या वर्षी तूट सारखी वाटून घ्यायची. ती कशी वाटायची याचं कोष्टक मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये दिलं, २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्यावर आदेश काढला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. २०२३ मध्ये याच नियमाने ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, आणि तेव्हाही ऑक्टोबर संपत आला होता. प्रत्यक्ष पाणी सुटलं ते नोव्हेंबरच्या शेवटी.

तत्त्व चांगलंच आहे. धरणं एकामागून एक बांधली जातात, आणि ज्याचं धरण उगमाजवळ त्याचं पोट आधी भरतं. दारणा १९१६ चं, भंडारदरा १९२६ चं, गंगापूर, मुळा त्यानंतरची. जायकवाडी आलं तेव्हा वर बरीच तोंडं होती, आणि पुढे ती वाढत गेली. धरणाच्या आराखड्यात जेवढा येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, धरला होता, तेवढा नंतरच्या नोंदींत दिसला नाही. तरीही ‘आमचं पाणी पळवलं’ ही घोषणा दोन्ही बाजूंना सारख्याच जोरात दिली जाते. दोन्ही बाजूंना ती खरी वाटते, हे त्यातलं अवघड.

उथळ धरण, लांबची वाट

आता थोडं भौतिकशास्त्र. नाथसागर भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतो. २,९०९ दशलक्ष घनमीटरला ३५० ने भागा: सरासरी खोली जेमतेम आठ-साडेआठ मीटर. मातीची भिंत दहा किलोमीटर लांब, पण उंची चाळीसेक मीटर. उलट भंडारदऱ्याची भिंत ऐंशी मीटरपेक्षा उंच आणि पाणी फक्त ११ टीएमसी. सह्याद्रीत दरी अरुंद आणि खोल मिळते. पैठणला सपाट पठार आहे, तिथे पाणी पसरणारच.

बाष्पीभवन पाण्याच्या आकारमानावर अवलंबून नसतं, उघड्या पृष्ठभागावर असतं. १०० चौरस किलोमीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडालं तरी दहा कोटी लिटर गेलं. मे महिन्यात पसारा २०० चौरस किलोमीटर आणि रोजचं बाष्पीभवन ८ मिलिमीटर धरलं, तर दिवसाला १६० कोटी लिटर. एखाद्या मोठ्या शहराला कित्येक दिवस पुरेल एवढं पाणी रोज नुसतं हवेत. यावर उपाय म्हणून जलाशयावर तरंगते सौर पट्टे बसवायचा प्रस्ताव आहे, आणि जाळ्यावर पोट असलेल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. नाथसागर पक्षी अभयारण्यही आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय.

या गणितातून वरचे शेतकरी एक मुद्दा काढतात: पाणी आमच्या खोल धरणात ठेवा, कमी उडेल. भौतिकशास्त्र म्हणून तो बरोबर आहे. पण पाणी खाली यायचंच असेल तर वाटेतही ते हरवतं, आणि ते किती हरवेल हे ऋतूवर ठरतं. पावसाळा संपता संपता नदीचं पात्र आणि काठ ओलेचिंब असतात. भूजलाची पातळी पात्राच्या वर असते, म्हणून काठातून पाणी नदीत झिरपत असतं. त्या वेळी सोडलेलं पाणी फारसं न घटता पैठणला पोचतं. मार्च-एप्रिलपर्यंत हे उलटं होतं. भूजल खाली गेलेलं, पात्र कोरडं, वाळू तापलेली. सोडलेल्या पाण्याला आधी ती वाळू, मग काठ, मग वाटेतले डोह भरावे लागतात; उरेल ते पुढे. शिवाय वाटेत फळ्या घालून पाणी अडवणारे कोल्हापुरी बंधारे आहेत आणि काठाने हजारो मोटारी आहेत. म्हणून पाणी सोडताना बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठच्या गावांची लाईट तोडावी लागते. ज्याच्या डोळ्यांदेखत पाणी जातंय आणि मोटार बंद आहे, त्याच्या मनात काय येत असेल ते सांगायला नको.

म्हणजे एक तोल आहे. लवकर सोडलं तर वाटेत कमी मुरतं पण जायकवाडीत जास्त काळ उन्हात राहतं. उशिरा सोडलं तर उलट. दोन्ही बाजूंचा हिशेब केला तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा काळ सोयीचा ठरतो. नेमका तोच काळ आपल्याकडे पत्रव्यवहारात जातो. नोव्हेंबर-डिसेंबरात सोडलेल्या पाण्याला दोन्हीकडचा तोटा थोडाथोडा सोसावा लागतो.

टेलचा शेतकरी ऊस का लावतो

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, संभाजीनगर, जालना, परभणी असा जाणारा. उजवा १३२ किलोमीटर, माजलगावकडे. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून लघुवितरिका, तिथून शेतचारी. चारीच्या तोंडाशी असलेल्याला पाणी आधी आणि भरपूर, शेपटाकडच्याला उशिरा आणि उरलंसुरलं. टेलचा शेतकरी म्हटलं की आमच्याकडे पुढचं वाक्य ऐकायची गरज पडत नाही.

शहरातल्या वाचकाला प्रश्न पडतो: पाण्याची एवढी मारामार असलेल्या प्रदेशात ऊस कसा? राज्यात उसाखाली लागवडीची जेमतेम चार टक्के जमीन आणि सिंचनाचं सुमारे सत्तर टक्के पाणी, हा आकडा अनेकदा ऐकवला जातो. २०१९ मध्ये इथल्या विभागीय आयुक्तालयाच्या अहवालाने तर मराठवाड्यात ऊस आणि साखर कारखाने बंदच करावेत, असं सुचवलं होतं. आकड्यांत तथ्य आहे. उसाला वर्षाकाठी दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. आपला मोसमी पाऊस सरासरी पावणेसातशे मिलिमीटर. म्हणजे पावसाचा वाटा वजा करूनही एका एकर उसाला धरण-विहिरीचं जेवढं पाणी जातं, त्यात वीसेक एकर ज्वारीला एकेक पाणी देता येईल.

पण लोभ आणि कारखानदारी एवढ्यावरच उसाचं कोडं सुटत नाही. त्याचं एक उत्तर वनस्पतीच्या शरीरात आहे. ज्वारी पोटरीत येते, म्हणजे पेरणीनंतर पन्नास-पंचावन्न दिवसांनी कणीस पानाच्या आवरणात फुगू लागतं, तेव्हा कणसात किती दाणे धरायचे ते ठरत असतं. त्या दहा-पंधरा दिवसांत पाण्याचा ताण पडला तर दाण्यांची संख्या घटते आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी ती वाढत नाही. हरभऱ्याचं फुलोऱ्यात आणि घाटे भरताना तसंच. गहू, भाजीपाला तर त्याहून नाजूक. या पिकांना पाणी थोडं लागतं, पण ते वेळेवरच लागतं.

ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा राहतो. एखादी पाळी हुकली तर त्या महिन्यातली कांडी आखूड राहते, पाणी आलं की पुढची कांडी पुन्हा वाढते. टनेज घटतं, पीक हातचं जात नाही. वर दर कायद्याने ठरलेला, तोडणीला टोळी कारखाना पाठवणार. पाळी डिसेंबरात येणार की जानेवारीत हे माहीत नसलेल्या माणसाने या दोघांतून काय निवडावं? ऊस हे अनिश्चित पाण्यावर तगून राहणारं पीक आहे. ते पाणी पितं फार, पण वेळापत्रकाची वाट पाहतं. कालव्याचा भरवसा नसणं हेच उसाचं एक मोठं खत आहे, असं माझं मत आहे. बंदीने ऊस हटत नाही, त्याचं एक कारण हेही.

अर्थात उसालाही सीमा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण आटल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आलं. एका एकर उसाची वर्षाची गरज ऐंशी लाख लिटरच्या घरात असते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की टीकाकारांचा राग समजतो.

तर मग पाळीची तारीख आधी सांगता येईल का? हवामानाचा अंदाज चुकतो, हे खरं. पण धरणाचं गणित हवामानापेक्षा सोपं आहे. ऑगस्टअखेर वरची धरणं किती भरली, सप्टेंबरात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कमीत कमी किती येवा आला, हे नोंदींत आहे. त्यावरून ‘एवढं तरी पाणी नक्की’ असा खालचा आकडा काढता येतो. धरणं आखतानाही हेच करतात. शंभरपैकी पंच्याहत्तर वर्षं मिळेल तो येवा धरून आराखडा मांडतात. तसाच सशर्त शब्द शेतकऱ्याला १० सप्टेंबरला देता येईल: रब्बीच्या दोन पाळ्या पक्क्या, त्यांच्या तारखा या, पाऊस चांगला झाला तर तिसरी आणि चौथी. तिफण हातात असताना एवढं कळलं तर तो ज्वारी-हरभऱ्याचा विचार तरी करील. आज पाळ्या ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीची बैठक होते तेव्हा त्याचा निर्णय जमिनीत उगवून आलेला असतो.

या हिशेबात एक मोठं धरण मोजलंच जात नाही: काळी माती. एक मीटर खोल भारी जमीन पिकाला वापरता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरते. अशा दहा लाख हेक्टरांत दीडशे मिलिमीटर ओल असली, तर ती दीड हजार दशलक्ष घनमीटर झाली. जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याच्या दोन तृतीयांशांहून जास्त. ही ओल भूसंपादनाशिवाय मिळते आणि झाकलेली असल्याने कमी उडते. रब्बी ज्वारी तिच्यावरच उभी राहते. कालव्याचं एक पाणी तिला पोटरीत मिळालं की झालं. त्यामुळे सप्टेंबरातली ओल आणि कालव्याची पहिली पाळी हे दोन आकडे एकत्र पाहिले तर कमी पाण्यात जास्त शेतं भिजतात. आपल्याकडे ओल कृषी खातं पाहतं, पाळी पाटबंधारे खातं ठरवतं. दोघांची कार्यालयं बहुधा एकाच रस्त्यावर असतात.

वाचलेलं पाणी जातं कुठे

सुधारणा म्हटलं की पहिलं नाव ठिबकचं येतं. ठिबकने पिकाचं उत्पादन वाढतं, मजुरी आणि खत वाचतं, तण कमी होतं. याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘नदीला पाणी वाचलं’ या वाक्याबद्दल. पाटाने दिलेल्या पाण्याचे दोन भाग होतात. एक पिकाच्या पानांतून आणि मातीवरून हवेत जातो. तो खोऱ्याच्या दृष्टीने संपला. दुसरा खाली मुरतो किंवा चारीच्या टोकाने ओढ्याला लागतो. तो शेजारच्या विहिरीत, खालच्या गावात, शेवटी नदीत पुन्हा दिसतो. ठिबक मुख्यतः हा दुसरा भाग कमी करतं. मग वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर ऊस लावतो, आणि हवेत जाणारा भाग उलट वाढतो. शेतावर बचत, खोऱ्यात तूट. जगभरच्या सिंचन अभ्यासकांना हे कोडं परिचित आहे.

याचा अर्थ ठिबक नको असा नाही. ठिबकचं अनुदान देताना भिजणारं क्षेत्र किंवा पाण्याचा कोटा बांधला नाही, तर नदीच्या नावाने दिलेला पैसा शेवटी उसात जातो, एवढाच. आपला खडक बेसाल्टचा. तो वरच्या मुरमाच्या थरात आणि भेगांत जेमतेम पाणी धरतो, आकारमानाच्या एक ते तीन टक्के. त्यामुळे मुरणाऱ्या पाण्यात थोडी जरी घट झाली तरी विहिरीची पातळी चटकन उतरते. मग बोअर, मग आणखी खोल बोअर.

हाच धडा ऑस्ट्रेलियाने मोठी किंमत मोजून घेतला. तिथलं मरे-डार्लिंग खोरं दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठं, महाराष्ट्राच्या तिपटीपेक्षा जास्त. १९९५ मध्ये त्यांनी नदीतून उपसायच्या पाण्यावर मर्यादा घातली. पुढच्या दीर्घ दुष्काळात नदीचं मुख समुद्राच्या वाळूने बुजू लागलं. २००७ मध्ये नवा जलकायदा आला आणि २०१० च्या ऑक्टोबरात शेतीकडून किती पाणी काढून नदीला द्यायचं याचा प्राथमिक आराखडा जाहीर झाला. ग्रिफिथ नावाच्या गावात शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती भरसभेत जाळल्या. प्रती जाळणं आपल्याला नवं नाही.

२०१२ मध्ये मंजूर झालेल्या योजनेत नदीसाठी २,७५० अब्ज लिटर पाणी परत मिळवायचं ठरलं. आपल्या मापात २,७५० दशलक्ष घनमीटर, म्हणजे मृत साठ्यासकट जवळजवळ एक अख्खं जायकवाडी, दरवर्षी. ते दोन मार्गांनी मिळवायचं होतं: जे शेतकरी स्वखुशीने हक्क विकतील त्यांच्याकडून सरकारने विकत घ्यायचे, आणि कालवे-शेतं सुधारून गळती थांबवायची. पहिल्या मार्गाने पाणी स्वस्त मिळालं, पण कालव्यावरचे विखुरलेले शेतकरी बाहेर पडले आणि उरलेल्यांवर तोच कालवा चालवायचा खर्च आला. गावातली दुकानं, शाळा, यंत्रदुरुस्तीवाले यांना हक्काचे पैसे मिळाले नाहीत, गिऱ्हाईक मात्र गेलं. दुसऱ्या मार्गाने शेतकरी खूश राहिले. पण वाचवलेल्या पाण्यातलं किती पाणी आधीच झिरपून नदीला मिळत होतं, यावर तिथले शास्त्रज्ञ अजून भांडतात. आणि एवढं करूनही २०१८-१९ च्या उन्हाळ्यात मेनिंडीजवळ डार्लिंग नदीत लाखो मासे मेले.

तरीही त्यांच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. तिथे पाण्याचे हक्क खात्रीच्या प्रतीनुसार वेगळे आहेत. एक जवळजवळ दरवर्षी पूर्ण मिळणारा. तो द्राक्षं आणि फळबागांवाले घेतात. दुसरा धरण भरेल तसा मिळणारा. त्यावर भात आणि कापूस. हंगाम सुरू होताना टक्केवारी जाहीर होते आणि ठरलेल्या दिवशी सुधारली जाते. दुष्काळात भातवाल्याला शून्य मिळालं तरी ते त्याला आधी कळतं. २००७-०८ मध्ये तिथला भात जवळजवळ नाहीसा झाला, बागा तगल्या.

पाण्याचा बाजार मात्र आपण जसाच्या तसा उचलू नये. तिथला शेतकरी शेकडो हेक्टरांचा मालक, त्याच्या हक्काची नोंद स्वतंत्र, मीटर बसवलेला. आपल्याकडे दोन-अडीच एकरवाला, सातबाऱ्यावर चार भावांची नावं, खात्यावर कर्ज. असा माणूस अडचणीच्या वर्षी पाणी विकेल आणि पुढच्या वर्षी जमीन. नदीला त्यातून काही मिळण्याआधी सावकाराला मिळेल.

नदीच्या वाट्याबद्दल मराठवाड्यात बोलणंच कमी होतं. पैठणच्या खाली गोदावरीवर आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, ढालेगाव, मुदगल अशी बंधाऱ्यांची माळ आहे. काठच्या विहिरींना त्यांनी पाणी दिलं, हे मोलाचं. पण पावसाळा सरला की नदी वाहत नाही, तिचे डोह होतात. त्या डोहांखालची वाळू ही नदीची स्वतःची टाकी. वाळूच्या थरात आकारमानाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास पाणी मावतं, आणि वरचा हात-दोन हात थर वाळला की खालचं पाणी फारसं उडत नाही. रात्रीतून हायवा भरून वाळू जाते तेव्हा ही टाकी जाते, आणि पुढच्या वेळी पाणी मुरायला जागा उरत नाही. काठच्या शेतकऱ्याचा आणि नदीचा स्वार्थ इथे पूर्ण एक आहे. इथे टीएमसीचं भांडण नाही की वर-खाली नाही, तरीही सर्वांत कमी काम इथेच झालं आहे.

पाणी मोजून घेतलं तर काय होतं याचं उदाहरण लांब शोधायला नको. नाशिक जिल्ह्यात ओझर आणि वाघाडच्या लाभक्षेत्रात १९९० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी कालव्याचं पाणी एकराच्या हिशेबाने न घेता घनमापाने घेतलं. कोटा आधी माहीत, मग तो कोणत्या पिकाला वापरायचा ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. काही पाणी त्यांनी मुद्दाम बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घेतल्या आणि विहिरीवाल्यांकडूनही पट्टी घेतली. गळतीला त्यांनी साठा मानलं. २००५ मध्ये राज्याने याच धर्तीवर सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. जायकवाडीच्या लाभक्षेत्रातही संस्था नोंदल्या गेल्या, त्यातल्या बऱ्याच कागदावरच राहिल्या. कारण उघड आहे: कोटा मोजून घ्यायला चारीच्या तोंडाशी ठरल्या दिवशी पाणी यावं लागतं.

ते येत नाही याचं एक कारण पुन्हा मातीच आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर थेट काँक्रीटचं अस्तर केलं तर ते दर वर्षी खालून ढकललं आणि सोडलं जातं, आणि फुटतं. मध्ये न फुगणाऱ्या मुरमाचा जाड थर द्यावा लागतो. तो लांबून आणायचा तर खर्च वाढतो, म्हणून जिथे टाळाटाळ झाली तिथे अस्तर उखडलं. पन्नास वर्षांच्या वापरानंतर डावा कालवा आखलेल्या क्षमतेने वाहू शकत नाही. पाणी सावकाश जातं, वाटेत झिरपतं, आणि पाळी टेलला पोचेपर्यंत वरच्याची दुसरी मागणी सुरू झालेली असते.

म्हणून कालव्यांची दुरुस्ती आणि चाऱ्यांऐवजी बंदिस्त पाइप ही कामं व्हायलाच हवीत. तारखेचा शब्द पाळायचा तर त्याशिवाय गत्यंतर नाही. पण पन्नास वर्षं झिरपणाऱ्या कालव्याच्या दोन्ही अंगांना विहिरी खोदल्या गेल्या आहेत, त्यांवर मोसंबीच्या बागा उभ्या आहेत आणि त्यातले बरेच जण लाभधारकांच्या यादीत नाहीत. अस्तर नीट बसलं की पहिल्याच उन्हाळ्यात त्या विहिरींची पातळी उतरेल. कालव्याच्या दोन्ही बाजूंच्या अशा विहिरी, त्यांची उन्हाळी पातळी आणि त्यांवरचं क्षेत्र यांची मोजणी निविदा निघायच्या आधी व्हायला हवी, आणि पाणीवापर संस्थेच्या कोट्यात त्यांचं खातं पहिल्या दिवसापासून उघडायला हवं.